कॅचरची जागा

१७ जून

मुली वसतिगृहात परतल्या. पत्र्याच्या पेट्या व्हरांड्यात ओळीने लागल्या आहेत. टीममधल्या जवळजवळ सगळ्या आल्या. सुगंधा नाही. ती गेल्या वर्षीची पिचर. खांदा धरला म्हणून जानेवारीत तिला घरी पाठवलं होतं, बरी होऊन ये म्हणून. ती भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली आणि तिथेच तिचं लग्न ठरलं, असं गोदीने सांगितलं.

बेसबॉलमध्ये पिचर गेली की टीम गेली. खेळ तिच्या हातातून सुरू होतो, बाकीच्या वाट बघत उभ्या असतात. यंदा चैती आहे. जामसरची, दहावीत. उन्हाळ्यात वीतभर उंच झाली आहे. आज तिला सहज दोन-चार बॉल टाकायला सांगितले. कॅचर म्हणून प्लेटमागे बसून तिचे बॉल झेलणाऱ्या गोदीच्या ग्लोव्हमध्ये बॉल असा वाजला की स्वयंपाकघरातल्या बायका बाहेर आल्या.

चार वर्षं मी या आश्रमशाळेत बेसबॉल शिकवतो आहे. जिल्ह्याच्या पुढे एकदाही गेलो नाही. यंदा जाऊ. विभागाच्या सामन्यांना निवड समिती येते. चैतीची निवड झाली तर दहावीनंतर तिची राहण्याची, शिकण्याची, खेळण्याची सोय होईल. नाही झाली तर तीही भट्टीवर. हे तिला माहीत आहे, मलाही.

२२ जून

पाऊस थांबत नाही. मैदानावर शेवाळ धरलं आहे, पळणं अशक्य. सराव जेवणाच्या शेडमध्ये घेतो. शेड लांबीला पिचिंगपुरती आहे, बाकी कशालाच पुरत नाही. म्हणजे चैती टाकते, गोदी झेलते आणि इतर मुली भिंतीला टेकून बघतात.

शेडला एका बाजूने भिंत नाही. झडीने फरशी ओली असते, बॉल पाणी पितात. रात्रभर चुलीच्या उबेला ठेवले तरी आतून ओलेच राहतात आणि जड होतात. मी मुद्दाम तेच वापरतो. जड बॉलने दंड तयार होईल. सप्टेंबरात कोरडा बॉल हातात आला की लिंबासारखा वाटेल.

मुख्याध्यापक शेडमध्ये डोकावले. म्हणाले, "सर, या बॉलचे वडे झाले आता. क्रिकेट शिकवा. निदान गावाला कळेल तरी कोण जिंकलं."

२८ जून

पहिल्या वर्षी सांगितलं होतं ते मुलींना आज पुन्हा सांगितलं. खेळाडू दुखणं बोलून दाखवत नाही. माझा गुडघा त्यांना माहीत आहे, पायऱ्या उतरताना दिसतो. त्याबद्दल मी कधी बोललो का? सगळ्यांनी माना हलवल्या. चैतीने सर्वांत आधी.

३ जुलै

पहिली दुखापत. गोदीचा उजवा पाय मुरगळला. कॅचरला उकिडवं बसावं लागतं, ते तिला जमेना.

"कसा मुरगळला?"

"चालता चालता, सर."

"सूज तर नाही."

"आतून हाय."

मुली हसल्या. चैती हसली नाही. पंधरा मिनिटांत सराव संपला. झेलणारी नसेल तर टाकणारीने काय करायचं?

५ जुलै

निशाला कॅचर केलं. लहानखुरी आहे, पण हात चपळ. चैतीकडून भरपूर टाकून घेतले. परवाची भरपाई झाली.

९ जुलै

निशाचं बोट शेडच्या दारात सापडलं म्हणे. चिंधी बांधून आली. सराव बंद.

१२ जुलै

तुळशीला बसवलं होतं. साखरशेतची दांडगी मुलगी, भाताचं पोतं एकटी उचलते. काल तिची कंबर धरली. आज वाकता येत नाही म्हणून ती शेडच्या खांबाला टेकून उभी होती आणि खांबामागून मुली एकमेकींना खुणा करत होत्या.

कॅचरच्या जागेला दृष्ट लागली आहे. दुसऱ्या कुठल्याही जागेवरच्या मुलीला काही होत नाही.

वसतिगृहाच्या अधीक्षिका रंजनाताई म्हणाल्या, "तुमच्या कॅचरना काय होतं हो, सर? भाकऱ्या थापायला बसल्या की धडधाकट असतात."

मी म्हणालो, खेळायचं नसेल तर अशीच दुखणी येतात.

"खेळायचं नसेल असं नाही," त्या म्हणाल्या. आणखी काही बोलतील म्हणून थांबलो. त्या कोठीकडे गेल्या.

१३ जुलै

हंगाम दोन महिन्यांवर आला. पहिली कॅचर लंगडते, दुसरीचं बोट बांधलेलं, तिसरीची कंबर गेलेली. आशा ठेवावी असं एकच नाव आहे. चैतीला कधी काही होत नाही.

१८ जुलै

कर्णधार केल्यापासून चैतीच्या डोक्यात हवा गेली आहे. तिची वेणी गोदी घालते. बादली निशा उचलते. कपडे तुळशी पिळते. जेवताना ताटही दुसरीच कुणी आणून देते. राणीसारखी बसून असते. माझ्या टीममधल्या मुली आधी अशा नव्हत्या.

आज सगळ्यांसमोर तिला उभं केलं. स्वतःची कामं स्वतः करायची, असं सांगून वसतिगृहाची टाकी भरायला हापशीवर लावलं. ती डाव्या हाताने हापसत राहिली. अर्ध्या तासात एकेक करून सगळी टीम तिथे आली. दांडा धरायला बघत होत्या. मी हाकललं त्यांना.

संध्याकाळी जव्हारला जाणाऱ्या गाडीची वाट बघत फाट्यावर उभा होतो. रंजनाताई छत्री घेऊन आल्या. "चैतीची वेणी गोदी घालते, ते तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं. म्हणून तर शिक्षा केली."

तेवढ्यात गाडी आली.

२५ जुलै

आवणीसाठी मुली घरी गेल्या आहेत. भात लावायला घराघरात हात लागतात, थांबवून थांबत नाहीत. पण चैतीचा सराव इतके दिवस मोडू द्यायचा नव्हता. म्हणून जामसरला गेलो.

तिच्या वडिलांचं, फागूचं, शेत ओढ्याच्या अंगाला आहे. बांधावर पोचलो आणि पाहतच राहिलो. खाचरात ओळीने सगळी टीम वाकलेली. कंबर गेलेली तुळशी सर्वांत पुढे. बोट चेचलेली निशा रोपं रोवते आहे, चिंधी नाही. गोदी गुडघाभर चिखलात.

"पाय बरा झाला वाटतं," मी म्हणालो.

गोदी सरळ झाली. चेहऱ्यावर चिखल. "चिखलात नाय दुखत, सर. मऊ असतो."

सगळ्या खिदळल्या. मला हसू आलं नाही.

"आणि इथे कशा सगळ्या? शाळेत बोलावलं की दुखतं."

"सावड हाय, सर. आज चैतीच्या घरी, उद्या माझ्या, मंग तुळशीच्या."

फागूने मला बांधावर इरलं अंथरून बसवलं. "पोरी लय गुणाच्या हायेत, गुरुजी," तो म्हणाला. "आमच्यात असाच चालतो. एकीचा हात आडला, तर दुसरी तिची वळ, तिच्या वाटची ओळ पन लावते. सांगावा नाय लागत."

मी त्याला खेळातली शिस्त समजावून सांगितली. त्याने ऐकून घेतलं.

चैती खाचरात नव्हती. बांधावर उभी राहून रोपांच्या मुठी लावणारणींकडे फेकत होती, डाव्या हाताने. प्रत्येक मूठ नेमकी पोरीच्या पुढ्यात. डाव्या हातानेही नेम चुकत नाही हे पाहून तेवढंच बरं वाटलं.

फागूला सांगून चैतीला उद्याच पाठवायला लावलं. निघताना मागे वळून पाहिलं. सगळ्या वाकायच्या थांबल्या होत्या.

२९ जुलै

ठरवलं. कॅचरच्या जागेवर मी स्वतः बसणार. मास्क लावीन, ग्लोव्ह घालीन. मला काही होणार नाही.

३१ जुलै

आजपासून सुरू. गुडघा ओरडतो, पण बसता येतं. चैतीला म्हणालो, आता खंड पडणार नाही, रोज टाकायचं. ती "हो सर" म्हणाली. सगळ्या टीममध्ये तेवढी एकच मुलगी "हो सर" म्हणते.

१२ ऑगस्ट

मुली आवणी आटपून आल्या. गोदी, निशा, तुळशी तिघीही एकदम बऱ्या झाल्या आणि कॅचरला बसतो म्हणून मागे लागल्या. मी नाही म्हणालो. विश्वास उडाला आहे. यांना बसवलं की चार दिवसांत कुणाचं काहीतरी निघणार.

काळजीची गोष्ट दुसरीच. चैतीच्या बॉलला जोर राहिला नाही. जूनमध्ये गोदीचा तळवा लाल व्हायचा. मला ग्लोव्हमध्ये काही जाणवतच नाही. पाऊस, कोंदट हवा, कंटाळा. तिला जास्त काम हवं आहे. जड बॉल सकाळी, हलके संध्याकाळी.

१९ ऑगस्ट

गोदी व्हरांड्यात वाट अडवून उभी राहिली. "सर, तुमचा गुडघा नाय दुखत?"

"नाही."

"थोडासा पन?"

"नाही म्हटलं ना."

"बसताना?"

"गोदे, तुझं काम काय आहे?"

ती गेली. वाईट बातमी ऐकल्यासारखी गेली. या मुलींचं मला काही कळत नाही.

२३ ऑगस्ट

मास्क हरवला. दोन तास शोधला. कोठीत नाचणीच्या पिंपात सापडला. कुणी ठेवला, कुणीही बोलेना. सगळ्यांना पळायला लावलं. चैतीला नाही. तिच्याकडून गेलेल्या दोन तासांचं पिचिंग करून घेतलं.

२४ ऑगस्ट

आज ग्लोव्हची नाडी कापलेली. मी सुतळी ओवली.

२ सप्टेंबर

चैतीच्या हातून ताट पडलं. वरण-भात सगळीकडे. मुलींनी तिला उठूच दिलं नाही, तिघींनी पुसून घेतलं. सामने जवळ आल्याचा ताण असेल. तिला बाजूला घेऊन विभागाचं, निवड समितीचं पुन्हा समजावलं. "आता फक्त पंधरवडा. मग काय हवी ती विश्रांती घे."

"हो सर."

तिने उजवा हात डाव्या हातात धरला होता, लहान मूल धरावं तसा. गेले काही दिवस ती अशीच उभी राहते. बरी दिसते सवय. शांत वाटते.

१५ सप्टेंबर

उद्या जिल्ह्याच्या सामन्यांना पालघरला जायचं. गोदीला कॅचर म्हणून घ्यावंच लागणार, मी मैदानात उतरू शकत नाही. तिला विचारलं, पाय कसा आहे? म्हणाली, "उद्या दुखला तर चालेल, सर?"

मी म्हणालो, उद्या तुझा पाय दुखला तर पुन्हा मैदानावर दिसू नकोस.

१६ सप्टेंबर

हरलो.

नीट लिहायला हवं.

समोर वसईकडची शाळा. पांढरे बूट, प्रत्येकीची स्वतःची बॅट. पहिली इनिंग चैतीने काढली. कशी काढली माहीत नाही, बॉल हळू होते, पण नेम होता. दुसऱ्या इनिंगला गोदी प्रत्येक बॉलनंतर उठून चैती उभी असते त्या माउंडपर्यंत चालत जायची, बॉल तिच्या हातात द्यायची, सावकाश परत यायची. पंचांनी दोनदा हटकलं. मीही ओरडलो, फेक ना बॉल, चालतेस काय! ती चालतच राहिली.

तिसऱ्या इनिंगचा दुसरा बॉल. चैतीने हात मागे नेला आणि सोडला. बॉल प्लेटपर्यंत आलाच नाही. मधेच मातीत पडला, थोडा गडगडला आणि थांबला. कुणी बॅट फिरवली नाही. पंचांनाही काय म्हणावं कळेना.

चैती उभीच होती. तोंडातून आवाज नाही. हात फांदी मोडून लोंबावी तसा.

मी कुंपणावरून आत जाईपर्यंत आठही जणी तिच्याजवळ पोचल्या होत्या. आऊटफिल्डमधून निशा माझ्या आधी आली. गोदी सर्वांत आधी. मास्क फेकून ती ज्या वेगाने धावली, त्या वेगाने मी तिला कधी बेसकडे धावताना पाहिलं नव्हतं. त्या गोल करून उभ्या राहिल्या. मला आत जायला वाट मिळाली नाही. "जरा सरका," मी म्हणालो. एकही सरकली नाही.

दुसरी पिचर आम्ही तयार केलीच नव्हती.

१७ सप्टेंबर

हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. कोपराच्या आतला सांधा बांधणारा पट्टा तुटला आहे. तरुण डॉक्टर, शांत बोलतात.

"हे कालचं नाही," ते म्हणाले. "आधी सूज असणार, रात्री ठणकत असणार. दोन-तीन महिने तरी. हिला वेणीसुद्धा घालता आली नसेल."

मी म्हणालो, ती काही बोललीच नाही.

"तुम्ही विचारलं होतं?"

चैती खिडकीबाहेर बघत होती. गोदी दाराशी उभी होती, तिला बाहेर थांब म्हटलं होतं तरी. ऑपरेशन करता येईल, मुंबईला. पण त्यानंतरही पिचिंगचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. जड काम वर्षभर नाही.

संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. विक्रमगडनंतर घाट लागला तेव्हा तुळशीने चैतीचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. वळणावळणाला ती हाताने चैतीचा कोपर तोलून धरत होती. सवयीने. जणू कित्येक दिवस धरत आली आहे.

१९ सप्टेंबर

रंजनाताईंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"मला वेणी दिसत होती," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही दाखवली."

"मुली मला सांगू शकल्या असत्या."

"सुगंधाने सांगितलं होतं, खांद्याचं."

२४ सप्टेंबर

फागू येऊन चैतीला घेऊन गेला. वसतिगृहाचा नियम आहे, आजारी मुलीने घरी राहायचं. पेटी त्याने डोक्यावर घेतली. ती गळ्यातल्या झोळीत हात अडकवून मागे.

मी फाटकापर्यंत गेलो. "बरी होऊन ये," म्हणालो.

तिने "हो सर" म्हटलं नाही. शब्द तोंडातून गेल्यावर मला आठवलं, ते मी आधी कुणाला म्हणालो होतो.

८ ऑक्टोबर

शेडच्या भिंतीवर बॉलचे ओले डाग वाळून गोल राहिले आहेत. पुसायला सांगितले. निघत नाहीत.

१० ऑक्टोबर

डायरीतले जुने दिवस वाचले. ३ जुलै, ९ जुलै, १२ जुलै. १९ ऑगस्ट. पुढे वाचवेना.

२५ ऑक्टोबर

दिवाळीची सुटी. नाशिकला आईकडे जायचं होतं. जव्हार स्टँडवर नाशिकची गाडी लागलेली होती. मी दुसऱ्या गाडीत बसलो आणि जामसरच्या फाट्यावर उतरलो.

भात कापणीला आलेलं. फागूच्या शेतात टीम होती, जुलैत होती तशीच, ओळीने. फक्त पिवळ्यात. चैती बांधावर बसली होती. तिची आई म्हणाली, दिवाळी झाली की ते नवरा-बायको भट्टीवर जातील. चैतीला मामाकडे ठेवणार, तिथल्या म्हशी बघेल. भट्टीवर एका हाताने काय करणार? शाळेचं मी विचारलं. "बघू," ती म्हणाली.

कुणी मला बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी बूट काढले. फागूने थोडा वेळ पाहिलं, मग कमरेचा विळा काढून माझ्यापुढे धरला. "चैतीची वळ हाय. ती धरा, गुरुजी."

माझ्या एका बाजूला गोदी, दुसऱ्या बाजूला तुळशी. डाव्या हातात धाटं धरायची, उजव्याने ओढायचं. मुली बघता बघता पुढे गेल्या आणि मग हळू झाल्या. माझ्यासाठी हळू झाल्या, ते मला कळलं. गुडघा दुखत होता. मी जोर लावला. विळा धाटांवरून सटकला आणि माझ्या बोटात गेला.

खोल गेला. मी मूठ मिटली आणि कापत राहिलो. कुणी पाहिलं नव्हतं. आणखी एक मूठ कापली, आणखी एक. पेंढीवर लाल पडत होतं, ती मी खाली घातली.

गोदी थांबली. पेंढीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. आणि धपकन खाली बसली.

"आई गं! पाय मुरगळला, सर."

विळे थांबले. निशा कंबर धरून सरळ झाली. तुळशी म्हणाली, "बसू सगळीच जरा," आणि पाण्याचा हंडा आणायला गेली. कोणी हसलं नाही.

"कोणता पाय?" मी विचारलं.

गोदीने आपल्या पायांकडे पाहिलं. "डावा."

जुलैत उजवा होता.

मी खाली बसलो. भाताच्या खुंटांवर बसता येत नाही, टोचतात. तरी बसलो. चैती बांधावरून माझ्या मुठीकडे बघत होती. बराच वेळ. ती शाळेतून गेल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"दुखतो का, सर?" तिने विचारलं.

मी मूठ उघडली.

"हो," मी म्हणालो.